आमदाराची हिशेबवही कुठे आहे?

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत नव्या सिमेंट रस्त्याच्या तोंडाशी एक फलक उभा असतो. वर 'लेखाशीर्ष २५१५ अंतर्गत', मध्ये कामाचे नाव आणि अंदाजित रक्कम, आणि खाली ठळक अक्षरांत 'आमदार अमुक अमुक यांच्या विशेष प्रयत्नातून'. २५१५ हे ग्रामविकास विभागाचे लेखाशीर्ष. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतर्गत मूलभूत सुविधांची कामे त्यातून होतात. हा पैसा मूळ अर्थसंकल्पात होता की मागाहून पुरवणी मागण्यांत घुसवला गेला, मंजुरीच्या दिवशी सभागृहात त्यावर किती मिनिटे चर्चा झाली आणि आमदारसाहेब त्या वेळी काय बोलले, हे मात्र फलकावर नसते. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा राहणारा उमेदवारही ते विचारत नाही. 'यांनी निधी आणला नाही, मी दुप्पट आणीन,' एवढेच त्याचे आव्हान असते. कर किती घेतला, खर्च कशावर केला आणि हिशेब उघडा ठेवला का, या तीन प्रश्नांवर विद्यमान आमदाराला निवडणुकीत गाठता येते का, हा या लेखाचा विषय आहे. येते, असे दाखले आहेत. पण ज्या प्रतिनिधीची पैशाच्या व्यवहारातली वैयक्तिक भूमिका नोंदली गेलेली असते, त्यालाच जाब विचारता येतो. आपल्याकडे आमदाराची अशी नोंदच होत नाही, आणि त्याच्या सुरक्षिततेचे खरे कारण तेच आहे.

राज्यघटनेने आमदाराला दिलेले काम नीट पाहिले, तर ही उणीव किती मोठी आहे ते कळते. कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. अनुच्छेद २०३ नुसार प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी विधानसभेपुढे येते, आणि ती मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा तिच्यात कपात करण्याचा अधिकार सभागृहाला आहे. विनियोजन विधेयक मंजूर झाल्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. खर्चानंतर महालेखापरीक्षकांचा अहवाल राज्यपालांमार्फत याच सभागृहासमोर ठेवला जातो. रस्ता, समाजमंदिर, हायमास्ट दिवा हे घटनेतल्या आमदाराचे काम नव्हे. तिजोरीच्या दारावर उभे राहणे हे त्याचे काम. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर कर ठरवण्याचे मोठे क्षेत्र जीएसटी परिषदेकडे गेले आणि तिथे राज्याच्या वतीने मंत्री बसतो, हे खरे. तरीही मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर, दारूवरचे उत्पादन शुल्क, वाहन कर, वीज शुल्क हे सगळे राज्याच्याच हातात आहे. पगारदाराच्या वेतनचिठ्ठीत दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ साली रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पैशातून दुष्काळी भागातल्या मजुराला काम, असा त्याचा उघड सांगता येण्याजोगा हेतू होता. आज त्या कपातीचे पुढे काय होते, हे आपल्या मतदारसंघात समजावून सांगणारा आमदार सापडणे कठीण.

प्रत्यक्ष सभागृहातली रीत या अधिकारांना हळूहळू पोकळ करत आली आहे. पीआरएस या अभ्याससंस्थेच्या अलीकडच्या पाहण्यांनुसार राज्यांच्या विधानसभा वर्षाला सरासरी वीस-बावीस दिवस भरतात. मागण्यांवरच्या चर्चेला ठरावीक दिवस मिळतात. ते संपले की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मतास टाकल्या जातात. मतदान आवाजी. 'हो'चा आवाज मोठा, असे पीठासीन अधिकाऱ्यांनी म्हटले की हजारो कोटी मंजूर. मतविभागणी मागता येते, पण ती क्वचितच मागितली जाते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी तर फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावही आवाजी मतदानाने संमत झाला आणि मतविभागणी का घेतली नाही, यावरून मोठा गदारोळ उठला. सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न नोंदीशिवाय सुटू शकत असेल, तर पुरवणी मागण्यांची काय कथा?

पुरवणी मागणी ही वर्षाच्या मध्ये अनपेक्षित गरज उभी राहिली तर वापरायची सोय आहे. २०२४ साली काय झाले ते पाहा. २८ जूनला राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, त्यातच महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची घोषणा झाली. त्यानंतर अकराच दिवसांनी, ९ जुलैला, सुमारे ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या आणि त्यातले २५ हजार कोटींहून अधिक महिला व बालविकास खात्यासाठी होते. अकरा दिवसांपूर्वी जाहीर केलेली योजना अनपेक्षित कशी, हा प्रश्न कोणत्याही बाकावरच्या आमदाराने धरून बसण्याजोगा होता. योजना चांगली की वाईट, हा वेगळा वाद. २०२५ मध्ये सरकारने स्वतःच सुमारे २६ लाख लाभार्थ्यांचे हप्ते अपात्रतेच्या शंकेवरून थांबवले. म्हणजे छाननी आधी करायला हवी होती, ती निवडणूक उरकल्यावर झाली. पैसा देताना प्रश्न न विचारल्याची किंमत नंतर त्याच बहिणींनी बँकेच्या आणि अंगणवाडीच्या खेपा घालून मोजली.

पैशाच्या वाटपाची दुसरी वाट स्थानिक विकास निधीची. महाराष्ट्रात ही रक्कम २०२२ पासून आमदारामागे वर्षाला पाच कोटी आहे. आमदार काम सुचवतो, जिल्हाधिकारी मंजूर करतो. याशिवाय २५१५, रस्त्यांचे ३०५४ आणि ५०५४ आणि जिल्हा वार्षिक योजना. हा पैसा मंत्र्यांच्या आणि पालकमंत्र्यांच्या मर्जीने पुढे-मागे सरकतो. म्हणून सत्तेतल्या आमदाराकडे निधीचा ओघ आणि विरोधकाकडे कोरड, ही तक्रार प्रत्येक सरकारच्या काळात होते. फक्त तक्रार करणारे बदलतात. पक्ष बदलणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आमदाराच्या तोंडी 'मतदारसंघाच्या विकासासाठी' हे शब्द असतात. गोव्यात चाळीसच्या सभागृहात २०१९ साली काँग्रेसचे दहा आणि २०२२ साली आठ आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हाही विकासाचेच कारण पुढे आले. निधी हा हक्क न राहता बक्षीस झाला, की तो देणाऱ्याला प्रश्न विचारण्याची आमदाराची उमेद संपते. पहारेकऱ्यालाच कोठारातून वाटा मिळू लागला, तर तो कुलूप तपासत नाही.

नोंद असली की काय घडू शकते, याचा सर्वांत स्वच्छ दाखला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मिळतो. एरवी अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांत पुन्हा उभे राहिलेले नव्वद टक्क्यांहून अधिक सदस्य निवडून येतात. कित्येक जागी तर दुसऱ्या मोठ्या पक्षाचा उमेदवारच नसतो. ७ जुलै २००५ च्या पहाटे दोनच्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने चर्चा किंवा जनसुनावणी न घेता आपल्या पगारात १६ ते ३४ टक्के वाढ केली. चालू मुदतीत पगारवाढ घेण्यास राज्याच्या घटनेत मनाई होती. त्यावर तोड म्हणून वाढीव रक्कम पावत्या न लागणारा 'खर्च' या नावाने लगेच उचलण्याची सोय ठेवली. लोक खवळले. राजधानी हॅरिसबर्गमध्ये विधिमंडळाबाहेर फुगवलेले गुलाबी डुक्कर उभे राहिले. कोणी बाजूने मत दिले आणि कोणी पैसे उचलले, त्याच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. नोव्हेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती पदावर कायम राहण्यासाठीच्या मतदानात हरले आणि त्याच महिन्यात वाढ रद्द करावी लागली. तरीही मे २००६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत १७ विद्यमान सदस्य पडले. सिनेटमधले बहुमतवाल्या पक्षाचे दोन्ही ज्येष्ठ नेते त्यांत होते. त्यांना पाडणारे त्यांच्याच पक्षातले, फारसे नाव नसलेले उमेदवार होते, आणि त्यांच्या हातात एकच हत्यार होते: नावानिशी नोंदलेले मत.

याच्या शेजारी महाराष्ट्रातला प्रसंग ठेवून पाहावा. ऑगस्ट २०१६ मध्ये, पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, आमदारांचे वेतन पाऊण लाखावरून दीड लाखाच्या वर नेणारे विधेयक दोन्ही सभागृहांत चर्चेविना संमत झाले. माजी आमदारांचे निवृत्तिवेतनही वाढले. टक्केवारीच्या हिशेबाने ही वाढ पेनसिल्व्हेनियापेक्षा कितीतरी मोठी. वृत्तपत्रांनी टीका केली, पण २०१९ ची निवडणूक या विषयावर लढली गेली नाही. लोकांना राग आला नाही, असे म्हणता येणार नाही. त्या रागाला पत्ता नव्हता. २८८ पैकी कोणी 'हो' म्हटले, कोण गप्प बसले, कोण बाहेर चहा घेत होते, हे कोणत्याही कागदावर नव्हते. आव्हानवीर आपल्या मतदारसंघात जाऊन 'यांनी हे केले' असे म्हणूच शकत नव्हता. त्याला फार तर 'सगळे असेच' म्हणता आले असते. 'सगळे असेच' हे वाक्य विद्यमान आमदाराला कधीच बाधत नाही.

भारतात असे आव्हान कधीच यशस्वी होत नाही, असेही नाही. नवी दिल्ली या एकाच विधानसभा मतदारसंघात ते दोनदा झाले. डिसेंबर २०१३ मध्ये वीजबिले, पाणी आणि राष्ट्रकुल स्पर्धांचा खर्च या मुद्द्यांवर अरविंद केजरीवाल यांनी मुख्यमंत्री शीला दीक्षित यांना पंचवीस हजारांहून अधिक मतांनी हरवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथेच केजरीवाल चार हजारांवर मतांनी पडले. त्या प्रचारात मुख्यमंत्री निवासाच्या नूतनीकरणावरचा खर्च आणि महालेखापरीक्षकांचे सभागृहात न मांडलेले अहवाल हे दोन ठळक मुद्दे होते. अहवालांच्या दिरंगाईवर दिल्ली उच्च न्यायालयानेही ताशेरे ओढले होते. या निकालांना इतर कारणे होतीच. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी: दोन्ही वेळा पडलेली व्यक्ती मुख्यमंत्रिपदावर असलेली किंवा राहिलेली होती. खर्चाच्या निर्णयाला तिची सही होती. साध्या आमदाराला ही शिक्षा होत नाही, कारण त्याच्या नावावर निर्णयच नसतो. महाराष्ट्रातल्या १९९९ पासूनच्या सिंचन खर्चाचेही तसेच. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढल्याचा आकडा छापून आला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. सरकारच्याच पुस्तकातला एक आकडा एवढे करू शकला. मात्र त्या दशकात दरवर्षी जलसंपदा खात्याच्या मागण्यांना मान डोलावणाऱ्या आमदारांना कोणी काही विचारले नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की आपल्याकडे विद्यमान आमदार अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त पडतात, मग तक्रार कशाची? पडतात, पण हिशेबावर नाही. लाट, जातीचे गणित, बंडखोर, कापलेले तिकीट, रुसलेले कार्यकर्ते यांतून पडतात. असा पडलेला आमदार पुढच्या वेळी काय सुधारेल? चुकीची सोबत केली, एवढाच धडा तो घेतो. दुसरा आक्षेप पक्षशिस्तीचा. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिपविरुद्ध मत देणाऱ्याची आमदारकी धोक्यात येते, तेव्हा त्याच्या मताची नोंद ठेवून काय उपयोग? या आक्षेपात तथ्य आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९२ सालीच व्हिपचा हा धाक सरकारच्या भवितव्याशी आणि पक्षाच्या मुख्य धोरणाशी निगडित विषयांपुरता असावा, असे म्हटले आहे. तारांकित प्रश्न विचारणे, कपात सूचना देणे, चर्चेत बोलणे, लोकलेखा समितीच्या बैठकीला हजर राहणे यांवर कोणताही व्हिप नसतो. शिवाय व्हिपमुळे मत ठरलेले असले तरी ते नावानिशी नोंदले जाण्यात अडचण कोणती? 'पक्षाने सांगितले म्हणून दिले' हेही उत्तरच आहे. ते मतदारांपुढे उभे राहून द्यावे लागले, तर पक्षालाही सांगताना विचार करावा लागेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कर आणि खर्चाची भाषा ही सुखवस्तूंची भाषा, गरीब मतदाराला योजना हवी असते. अमेरिकेतला अनुभव या शंकेला बळ देतो. कॅलिफोर्नियात १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' या जनमताने मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर आणि मूल्यवाढ वर्षाला दोन टक्क्यांवर बांधली. परिणाम असा, की शेजारशेजारच्या सारख्या घरांवर खरेदीच्या वर्षानुसार वेगवेगळा कर पडू लागला आणि शाळांच्या खर्चाचा भार राज्याकडे सरकला. नुसता करांवरचा राग आंधळा असतो, हे मान्य. पण आपल्याकडे नेमके उलटे आंधळेपण आहे. २०२४ च्या विधानसभा प्रचारात महायुतीने महिलांना दरमहा २,१०० रुपये देऊ म्हटले, तर महाविकास आघाडीने ३,०००. आव्हान देणाऱ्यांनी हिशेब मागण्याऐवजी बोली वाढवली. निवडणुकीनंतरच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले, दीड हजारांचे २,१०० झाले नाहीत, महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटी आणि कर्जाचा अंदाज नऊ लाख कोटींच्या पुढे गेला. फसवणूक कोणाची झाली? योजनेवर ज्यांचे घर चालते त्यांचीच. पैसा कुठून येणार, हा प्रश्न गरिबाच्या विरोधातला नाही. तो न विचारल्याने हप्ता थांबतो, तेव्हा झळ गरिबालाच लागते.

चौथा आक्षेप: माहितीचा अधिकार आहे, महालेखापरीक्षक आहेत, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे आहेत; आणखी काय हवे? ही साधने मोलाची आहेत. महाराष्ट्राने २००२ सालीच माहिती अधिकाराचा कायदा केला, देशाचा कायदा तीन वर्षांनी आला. २००३ पासून उमेदवाराची मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण मतदाराला कळते. पण प्रतिज्ञापत्र आमदाराची घरची तिजोरी दाखवते, सरकारी तिजोरीशी तो कसा वागला ते नाही. महालेखापरीक्षकांचे अहवाल आपल्याकडे बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मांडले जातात. वाचून प्रश्न विचारायला सभागृहच उरत नाही. लोकलेखा समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. आणि आव्हान देणाऱ्याची ऐपत पाहा: उमेदवाराच्या खर्चाला ४० लाखांची मर्यादा, पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही, आणि समोर पाच वर्षे सरकारी पैशाने उभे राहिलेले फलक. ही लढत बरोबरीची नाही. नोंद हेच गरीब आव्हानवीराचे सर्वांत स्वस्त भांडवल, आणि तेच त्याला मिळत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या कथेचा उत्तरार्ध इथे कामी येतो. १७ जणांना पाडून तिथले राजकारण शुद्ध झाले नाही. पुढच्या काही वर्षांत दोन्ही पक्षांचे मोठे नेते सरकारी पैसा आणि कर्मचारी प्रचाराला वापरल्याबद्दल दोषी ठरले. टिकले ते वेगळेच. त्या संतापाच्या लाटेत २००८ साली नवा माहिती कायदा आला, ज्यात सरकारी कागद खुला असल्याचे गृहीत धरले जाते आणि तो का दाखवायचा नाही हे सरकारला सिद्ध करावे लागते. माणसे पाडणे ही आव्हानाची पहिली पायरी; मागे नियम ठेवून जाणे ही खरी कमाई. महाराष्ट्रात ही कमाई तीन साध्या बदलांत मोजता येईल: विनियोजन विधेयकावर आणि आमदारांच्या स्वतःच्या वेतनाशी संबंधित प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतनोंद, महालेखापरीक्षकांचे अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात, आणि कोणत्या आमदाराने कोणत्या लेखाशीर्षाखाली कोणते काम सुचवले, त्याची मंजूर व खर्च रक्कम, कंत्राटदार आणि सद्यःस्थिती यांची यादी दरवर्षी ग्रामसभेत व प्रभागात. यातल्या एकालाही घटनादुरुस्ती लागत नाही. पहिले दोन सभागृहाच्या नियमांनी आणि सरकारच्या इच्छेने होतील, तिसरे एका शासन निर्णयाने.

पुढची विधानसभा निवडणूक २०२९ ची. तोवर सरकारने यातले काही केले नाही, तरी मतदाराला थांबण्याचे कारण नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, महाराष्ट्राच्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. जिल्हा नियोजन कार्यालयाकडे आपल्या आमदाराने सुचवलेल्या कामांची यादी मागावी, विधानमंडळ सचिवालयाकडे त्याच्या हजेरीची आणि प्रश्नांची. ज्याला आमदार व्हायचे आहे, त्याला मत देण्याआधी विचारावे की असा एक तरी अर्ज त्याने केला आहे का. केला नसेल, तर विद्यमान आमदाराला पाडूनही फलकावरचे फक्त नाव बदलेल.